शब्दाची जात विचारलीच पाहिजे

इंग्रजीतल्या अनोळखी शब्दांवरून जे भांडण अधूनमधून पेटतं, ते ऐकून आता कंटाळा येतो. दोन्ही बाजू शब्दाकडे न बघताच बोलत असतात. एकीकडे सोप्या भाषेचे कैवारी: वाचकाला शब्दकोश उघडायला लावणारा प्रत्येक शब्द हा लेखकाचा गुन्हा, तो खोडा. दुसरीकडे शब्दांचे शौकीन: रोज एक विचित्र शब्द हुडकायचा, त्याच्यासमोर अर्थाची एक ओळ लिहायची, टाळी घ्यायची आणि उद्या नवा शब्द. मी कुठे उभा आहे ते आधीच सांगतो. अनोळखी शब्द भाषेत राहिले पाहिजेत, वापरले पाहिजेत, मुलांना शिकवलेही पाहिजेत. मात्र तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुठलाही शब्द घरात घेऊ नये. अर्थ काय? आला कुठून? आणि जात कोणती? माणसाची जात विचारू नये हे खरं, पण शब्दाची विचारलीच पाहिजे. नाम, विशेषण की क्रियापद हे ठाऊक नसलेला शब्द म्हणजे मूठ नसलेली सुरी; कापते, पण आधी आपलाच हात.

माझाही कापला आहे. वरच्या मजल्यावर रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गोंगाटाबद्दल मी एकदा इंग्रजीत तक्रारीचं पत्र लिहिलं. 'नॉइझी' हा शब्द फार बाळबोध वाटला, म्हणून जरा भारदस्त असा 'नॉइसम' घातला. पत्र देऊन झाल्यावर त्याची प्रत एका मित्राला दाखवली. त्याने शांतपणे विचारलं, "वास येतो का रे त्यांच्या अंगाला?" 'नॉइसम'चा 'नॉइझ'शी काही संबंध नाही. 'अनॉय' या क्रियापदाचं जुनं आखूड रूप 'नॉय', त्याला 'सम' हा विशेषण करणारा प्रत्यय लागला, आणि अर्थ झाला त्रासदायक, घातक. पुढे विशेषतः किळसवाणा, दुर्गंधीयुक्त. मला अर्थ ठाऊक आहे असं वाटत होतं, कारण शब्द ओळखीचा दिसत होता. व्युत्पत्तीचा एक प्रश्न विचारला असता तर अब्रू वाचली असती.

अमेरिकेत १९२५ पासून मुलांची राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा होते. तिला घोकंपट्टीचा कळस म्हणून नावं ठेवायची पद्धत आहे. पण मंचावर उभं राहिलेलं मूल काय करतं ते जरा बघा. शब्द ऐकल्यावर ते लगेच अक्षरं म्हणत सुटत नाही. ते विचारतं: अर्थ सांगता का? कुठल्या भाषेतून आला? शब्दाची जात कोणती? वाक्यात वापरून दाखवता का? नियमच त्याला हे विचारायची मुभा देतात. पहिल्या वर्षी जिंकून देणारा शब्द होता 'ग्लॅडिओलस'. लॅटिनमध्ये 'ग्लॅडिअस' म्हणजे तलवार, 'ग्लॅडिओलस' म्हणजे छोटी तलवार, त्या झाडाच्या पानांच्या आकारावरून. 'ग्लॅडिएटर' माहीत असलेल्या मुलाला निम्मं स्पेलिंग फुकटात मिळालं. यात घोकंपट्टी कुठे आहे? पाठांतर भरपूर असतं, नाकारत नाही. आणि संयोजकांनाही ते टोचलं असावं, कारण २०२१ पासून मंचावर शब्दार्थाचे प्रश्नही विचारू लागले. पण त्या मुलांच्या तोंडी असलेले प्रश्न मोठ्यांच्या भांडणापेक्षा शहाणे आहेत एवढं नक्की.

आता सोप्या भाषेच्या कैवाऱ्यांचं जे खरं आहे ते प्रामाणिकपणे मान्य करू. डॉक्टर रोग्याला सांगतात, तुमचा आजार 'इडिओपॅथिक' आहे. ग्रीक 'इडिऑस' म्हणजे स्वतःचा, 'पॅथॉस' म्हणजे दुखणं. शब्द ऐकून रोग्याला वाटतं, चला, निदान झालं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की कारण कळलेलं नाही. अशा ठिकाणी अवघड शब्द अज्ञानावर टाकलेली शाल असतो. कायदा, कर, औषधाची चिठ्ठी, सूचनाफलक यांत वाचकाने शब्दकोश का उघडावा? ब्रिटनमध्ये अर्नेस्ट गावर्स यांनी सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांचा पुरस्कार करणारं पुस्तक १९४८ मध्ये लिहिलं आणि अमेरिकेने २०१० मध्ये सरकारी लेखन सुबोध करण्याचा कायदाच केला, तो काही उगाच नाही.

त्यांच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण तर मीच देतो. 'इन्फ्लेमेबल'. याचा अर्थ पेट घेणारं. मूळ लॅटिन क्रियापद 'इन्फ्लामारे', पेटवणं. त्यातला 'इन' म्हणजे 'आत'. पण इंग्रजीत 'इन' हा नकारार्थीही उपसर्ग आहे, त्यामुळे टाकीवर हा शब्द वाचून एखाद्याला 'न पेटणारं' असं वाटलं तर? इथे चूक म्हणजे अब्रू जाणं नव्हे, जीव जाणं. म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने आग्रह धरला की हा शब्द टाका आणि 'फ्लेमेबल' लिहा. झालं, सोप्या भाषेचा विजय! पण थांबा. 'फ्लेमेबल' हा शब्द आला कुठून? १८१३ मध्ये लुक्रेशिअसच्या लॅटिन काव्याच्या एका इंग्रजी भाषांतरात तो दिसतो आणि मग जवळजवळ विस्मरणात जातो. म्हणजे रुळलेला शब्द दगा देत होता आणि त्याच्या जागी अडगळीतला, दुर्मीळ शब्द उचलून आणला, तेव्हा जीव वाचले. दुर्मीळ शब्द सगळे खोडून टाकले असते तर त्या दिवशी अडगळीत हात घालून काढणार काय होतं? उपसर्ग कुठला, मूळ कुठलं, हे समजणाऱ्या कुणीतरी तो प्रश्न सोडवला. सोपेपणाच्या घोषणेने नव्हे.

हे भांडणही काही नवं नाही. सोळाव्या शतकात इंग्रजीत लॅटिन आणि ग्रीकमधून शब्दांचा लोंढा आला, तेव्हा चिडलेल्या मंडळींनी त्यांना 'इंकहॉर्न' शब्द म्हणून हिणवलं. इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. फार शाई सांडणाऱ्या पंडिताचे शब्द, असा टोमणा. थॉमस विल्सनने १५५३ च्या आपल्या वक्तृत्वावरच्या पुस्तकात असल्या शब्दांनी ठासून भरलेलं एक पत्र थट्टेसाठी छापलं. त्यातले 'इंजेन्ट' आणि 'रिव्होल्यूट' सारखे शब्द मेले. पण त्याच पत्रात 'सेलिब्रेट', 'कपॅसिटी', 'डेक्स्टेरिटी' हेही होते. केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक सर जॉन चीक याने १५५७ च्या पत्रात बजावलं की आपली भाषा स्वच्छ आणि शुद्ध, परभाषेच्या भेसळीवाचून लिहावी. हे सांगताना त्याने जो 'प्युअर' शब्द वापरला तो फ्रेंचमधून उसना आणलेला होता! शुभवर्तमानाच्या भाषांतरात त्याने 'सेंच्युरियन'ला, म्हणजे शंभर शिपायांच्या नायकाला, 'हंड्रेडर' केलं, 'ल्यूनॅटिक'ला, म्हणजे वेड्याला, 'मून्ड'. दोन्ही घरचे, दोन्ही सोपे. कुणी वापरले?

सगळ्यात झणझणीत प्रसंग बेन जॉन्सनच्या १६०१ च्या नाटकातला. प्रतिस्पर्धी नाटककार जॉन मार्स्टन याच्यावर बेतलेलं क्रिस्पिनस हे पात्र त्यात आहे. नाटकातला रोमन कवी होरेस त्याला ओकारीची गोळी देतो, समोर तसराळं धरतात, आणि तो एकेक शब्द ओकतो. प्रेक्षक खदाखदा हसले असणार. त्या तसराळ्यात पडलेले शब्द कुठले? 'ऑब्लॅट्रंट', 'फ्यूरिबंड', 'टर्जिडस', 'ऑब्स्ट्युपेफॅक्ट' हे त्यात होते, ठीक. पण 'रेसिप्रोकल', 'डिफंक्ट', 'स्प्यूरियस', 'स्ट्रेन्युअस', 'क्लम्झी' आणि चक्क 'कॉन्शस' हेही होते. आज 'कॉन्शस' वगळून इंग्रजीत मानसशास्त्रावर एक परिच्छेद लिहून दाखवा. जॉन्सन काही दुधखुळा नव्हता; भाषेची जाण त्याच्याइतकी त्या काळात फार थोड्यांना असेल. तरी त्याला चारशे वर्षांनंतरचं दिसलं नाही, तर वाचकाला जड जाईल या एका निकषावर आज शब्द खोडणाऱ्याला कसं दिसणार?

यावर नेमका आक्षेप येईल की जगलेल्यांची नावं सांगणं सोपं, मेलेल्यांची मोजदाद कोण ठेवतो. बरोबर आहे. 'ऑब्स्ट्युपेफॅक्ट' मेला ते बरंच झालं, 'स्ट्युपेफाइड' असताना त्याला कामच नव्हतं. माझा मुद्दा तोच आहे. हे शब्द काम होतं किंवा नव्हतं म्हणून जगले किंवा मेले. लांबी किंवा परकेपणा यांवरून कुणी आधी निकाल लावला असता तर तो चुकलाच असता. जॉर्ज ऑर्वेलचंही तेच झालं. १९४६ च्या त्याच्या गाजलेल्या निबंधातला नियम, आखूड शब्द चालत असेल तिथे लांब शब्द नको, हा आजही लेखनाच्या वर्गात आरतीसारखा म्हटला जातो. त्याच निबंधात सॅक्सन, म्हणजे इंग्रजीच्या मूळच्या, शब्दांची जागा बळकावणाऱ्या अनावश्यक लॅटिन शब्दांची नावं आहेत, आणि त्यांत 'प्रेडिक्ट' आहे, 'एक्स्पेडाइट' आहे, 'क्लॅन्डेस्टाइन' आहे. 'प्रेडिक्ट' अनावश्यक? हवामानखात्याला विचारा. ऑर्वेलने शेवटच्या नियमात स्वतःलाच सूट दिली आहे, की लेखन अगदी रानटी होत असेल तर माझे नियम खुशाल मोडा. ती सूट त्याचे भक्त सांगत नाहीत.

शिवाय सोपा शब्द म्हणजे स्पष्ट शब्द, हे गृहीतच कच्चं आहे. युद्धात आपल्याच सैन्याच्या गोळीने आपला सैनिक मरतो, त्याला इंग्रजीत 'फ्रेंडली फायर' म्हणतात. दोन्ही शब्द पहिलीतल्या मुलाला येतात. एक प्रेत त्या दोन शब्दांखाली गुंडाळून ठेवता येतं. 'इडिओपॅथिक'ने जे केलं तेच इथे सोप्या शब्दांनी केलं, आणि जास्त सफाईने, कारण सोप्या शब्दाचा कुणी संशय घेत नाही. अवघडपणाचंही तसंच. इंग्रजी शिकणाऱ्याला 'क्रेपस्क्युलर' कधीच छळत नाही. संधिप्रकाशाचं विशेषण, एकदा कळलं की संपलं. छळतात ते 'सेट' आणि 'पुट'. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकट्या 'सेट' या क्रियापदाचे चारशेच्या वर अर्थ होते. 'पुट आउट', 'पुट अप विथ', 'पुट डाउन' यांत 'पुट' कुठे शिल्लक राहतो? त्या मानाने 'टॉलरेट' किती सरळ. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही सोपेपणाची मोहीम आहे.

एक आक्षेप मात्र मनाला लागणारा आहे, तो असा की दुर्मीळ शब्द हे कुंपण असतं. ज्यांना लॅटिन शिकायला मिळालं ते आत, बाकीचे बाहेर. इतिहास याला साक्ष देतो. रॉबर्ट कॉड्रीने १६०४ मध्ये इंग्रजीचा पहिला एकभाषी शब्दकोश छापला, जेमतेम अडीच हजार शब्दांचा, आणि मुखपृष्ठावरच लिहिलं की ही अवघड शब्दांची यादी स्त्रिया आणि इतर अकुशल लोकांच्या फायद्यासाठी आहे. आज ते वाचून राग येतो. पण कॉड्रीने केलं काय? कुंपण आहे हे मान्य करून त्याने फाटकाची किल्ली छापली आणि विकायला ठेवली. स्त्रियांना अवघड शब्द वाचायला लावू नका, असं तो म्हणाला असता तर ते दयाळू दिसलं असतं, आणि कुंपण आणखी हातभर उंच झालं असतं. आज लोकांना झेपणार नाही म्हणून जो शब्द खोडतो, तो लोकांना काय देतो? देणाऱ्याला तो शब्द येतोच. फक्त घेणाऱ्याला मिळत नाही.

इतकं बोलल्यावर शौकिनांना वाटेल हा आपलाच माणूस. मुळीच नाही. अनोळखी शब्दांची जेवढी हानी त्यांच्या या प्रेमिकांनी केली आहे तेवढी शत्रूंनी केलेली नाही. यांच्या याद्यांत हमखास सापडणारा पंचेचाळीस अक्षरी फुप्फुसरोग घ्या, 'न्युमोनो'ने सुरू होऊन 'कोनिओसिस'वर संपणारा. तो १९३५ च्या सुमाराला कोडी सोडवणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेच्या अध्यक्षाने केवळ लांब व्हावा म्हणून घडवला. रोगाला 'सिलिकोसिस' हे नाव आहेच. तो शब्द लांबी मोजण्यापलीकडे कशाला वापरायचा? 'अ‍ॅप्रिसिटी'चं प्रकरण जास्त हळवं आहे. हेन्री कॉकरमच्या १६२३ च्या शब्दकोशात तो आहे, अर्थ हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. किती सुंदर! पण त्या काळी तो कुणी बोलल्या-लिहिल्याचा पुरावा कॉकरमच्या नोंदीपलीकडे जवळजवळ नाही. याद्यांनी त्याला उचलून डोक्यावर घेतलं, पण तो नाम आहे, ते कुठल्या क्रियापदाशी जमतं, माणसाला ते येतं, लागतं की मिळतं, हे एकही यादी सांगत नाही. म्हणून तो कौतुकाचा होतो आणि वाक्यात येत नाही.

अर्थाच्या एका ओळीवर विसंबलं की काय होतं याचा धडा खुद्द शब्दकोशकारांनीच गिरवला आहे. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' नावाचा शब्द होता. जात: नाम. क्षेत्र: पदार्थविज्ञान आणि रसायन. अर्थ: घनता. उच्चारसुद्धा दिलेला. त्याच्या आधीचा शब्द एका लहान कांगारूचं नाव, नंतरचा सोनेरी रंगाचा, आणि मध्ये हे महाशय ऐटीत बसलेले. झालं होतं असं की रसायनाच्या संपादकाने १९३१ मध्ये एक चिठ्ठी पाठवली होती: घनतेसाठी मोठा डी किंवा छोटा डी हे संक्षेप वापरतात. 'डी ऑर डी'. ती चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात पडली, आणि कुणीतरी अक्षरं जोडून वाचली. पाच वर्षं 'डॉर्ड' सुखाने नांदला. २८ फेब्रुवारी १९३९ रोजी एका संपादकाची नजर थबकली ती अर्थावर नव्हे. त्याला दिसलं की या शब्दाला व्युत्पत्ती दिलेली नाही. आई-बाप नसलेला शब्द! तिथून भूत पकडलं गेलं. अशा शब्दांना 'घोस्ट वर्ड' हे नावही वॉल्टर स्कीट या भाषाअभ्यासकाने १८८६ मध्येच देऊन ठेवलं होतं.

व्युत्पत्ती म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे, हेही कबूल करतो. ऑक्सफर्डच्या अमेरिकन कोशाने २००१ मध्ये नक्कल करणारे पकडण्यासाठी 'एस्क्विव्हेलियन्स' असा खोटा शब्द मुद्दाम घातला. अर्थ, कामाची जबाबदारी जाणूनबुजून टाळणं. त्याला जात होती आणि 'बहुधा फ्रेंचमधून' अशी व्युत्पत्तीही दिली होती. त्या 'बहुधा'ला दाद द्यायला हवी. आणि खऱ्या व्युत्पत्तीसुद्धा आजच्या अर्थावर हुकूम चालवू शकत नाहीत. 'नाइस'चं मूळ 'नेस्किअस', म्हणजे अडाणी. 'सिली' एकेकाळी धन्य, पुण्यवान अशा अर्थाचा. तुम्ही 'नाइस' आहात म्हटल्यावर कुणी मूळ काढून भांडायला आलं तर तोच 'सिली', आजच्या अर्थाने.

मग मूळ जाणून मिळतं काय? इंग्रज निबंधकार विल्यम हॅझलिटचा एक वार बघा. विल्यम गिफर्ड हा एका वजनदार नियतकालिकाचा संपादक, टीकेत अत्यंत विखारी. १८१९ मध्ये हॅझलिटने त्याला उद्देशून जाहीर पत्र छापलं आणि त्यात त्याला 'अल्ट्राक्रेपिडेरियन' टीकाकार म्हटलं. यादीत याचा अर्थ असतो: माहीत नसलेल्या विषयावर मत देणारा. बस्स. पण रोमन लेखक प्लिनीने सांगितलेली गोष्ट अशी: अपेलीस नावाच्या चित्रकाराच्या चित्रातली चप्पल चुकली आहे असं एका चांभाराने दाखवलं. अपेलीसने ती सुधारली. दुसऱ्या दिवशी चढेल झालेला चांभार पायाच्या पोटरीबद्दल बोलू लागला, तेव्हा अपेलीस म्हणाला, चांभाराने चपलेच्या वर जाऊ नये. 'क्रेपिडा' म्हणजे चप्पल, 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे. आणि गिफर्ड? तो लहानपणी चांभाराकडे उमेदवारी करत होता. आता तो शब्द परत वाचा. एका विशेषणात माणसाची टीकेची लायकी काढली आणि त्याचं पूर्वायुष्यही चव्हाट्यावर आणलं. वार कमरेखालचा आहे, मला आवडत नाही. गरिबीतून वर आलेल्या माणसाला चपलेची आठवण करून देणं हलकंच. पण व्युत्पत्तीशिवाय त्यातली धारही कळत नाही आणि हलकेपणाही कळत नाही.

राहता राहिला 'मम्प्सिमस'. १५१७ मध्ये रिचर्ड पेसने एका पाद्र्याची गोष्ट छापली. प्रार्थनेत 'सम्प्सिमस' असा शब्द येतो. हा गृहस्थ तीस वर्षं 'मम्प्सिमस' म्हणत आला होता. कुणीतरी चूक दाखवली तेव्हा म्हणाला, तुमच्या नव्या 'सम्प्सिमस'साठी मी माझा जुना 'मम्प्सिमस' सोडणार नाही. १५४५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने पार्लमेंटमध्ये धर्ममार्तंडांना झापताना हेच दोन शब्द वापरले: काही जण जुन्या मम्प्सिमसला चिकटलेले, काही नव्या सम्प्सिमसच्या मागे धावणारे. 'सम्प्सिमस' हे लॅटिन क्रियापद, 'आम्ही घेतलं'. 'मम्प्सिमस' लॅटिनमध्ये काहीच नाही, निव्वळ चूक. इंग्रजीत मात्र ते रीतसर नाम झालं: चूक दाखवूनही ती न सोडणारा माणूस, किंवा ती चूकच. नाम असल्यामुळे त्याचं अनेकवचनही होतं, आणि त्याची गरज पडते. चार-सहा तर माझ्याच ओळखीचे आहेत. त्यांतला एक मी त्या पत्राची गोष्ट कितीदा सांगितली तरी 'नॉइसम' म्हणजे गोंगाट करणाराच, असं अजून ठासून सांगतो.